एपीला दोन केबल, एलएसीपी चालू, तरी वेग एकाच केबलचा

तक्रार साधारण अशी असते. रिसॉर्टच्या किंवा मोठ्या होमस्टेच्या एपीला (अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारं उपकरण) दोन इथरनेट केबल टाकल्या आहेत, स्विचवर आणि एपीवर एलएसीपीचा बाँड केला आहे, म्हणजे दोन्ही केबली मिळून एक जोडणी समजा असं दोघांना सांगितलं आहे, आणि कंट्रोलरच्या (सगळे एपी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पानावर सगळं हिरवं आहे. पण मोजायला गेलं की आकडा ९४० एमबीपीएसच्या वर सरकत नाही. काही ठिकाणी दुखणं त्याहून वाईट. बाँड केल्यापासून निम्म्या पाहुण्यांचं वाय-फाय अडखळतं, किंवा पाऊस सुरू झाला की दर चार-आठ दिवसांनी एक केबल बाँडमधून गळते आणि काढून परत घातली की पुन्हा लागते.

कारणं सगळीकडे तीच चार-पाच आहेत, फक्त शोधण्याचा क्रम बदलतो. पुण्यातल्या एसी ऑफिसात आधी कॉन्फिगरेशन उघडून बसलं तर चालतं. देवबाग, हर्णै, गुहागर किंवा मुरूडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आधी केबलचं टोक बघायचं आणि मग स्क्रीन.

आधी हिशोब: दुसरी केबल हवी आहे का?

वाय-फाय ६ चा २×२ (दोन अँटेनांनी पाठवणारा, दोनांनी घेणारा) एपी ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर कागदावर १२०१ एमबीपीएस देतो. टीसीपीने (इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) प्रत्यक्ष मोजलं तर चांगल्या परिस्थितीत त्याच्या ६० ते ७० टक्के हाती येतात, म्हणजे साधारण ७२० ते ८४०. तेही जाणारं-येणारं मिळून, कारण रेडिओ एका वेळी एकच काम करतो. २.४ गिगाहर्ट्झच्या बाजूने गर्दीत अजून शंभरेक मिळाले तरी पुष्कळ. गिगाबिट केबल मात्र दोन्ही दिशांना एकाच वेळी ९४०-९४० नेते. म्हणजे साध्या २×२ एपीची एक केबलसुद्धा जेमतेमच भरते. त्यातून जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत पावसाळ्यात ओली झाली की पलीकडच्या खोलीतला फोन १२०१ च्या जवळपासही जात नाही.

दुसरी केबल खरोखर लागते ती ४×४ एपीला, १६० मेगाहर्ट्झ वापरणाऱ्या एपीला, तीन रेडिओंच्या एपीला, किंवा ज्या एपीच्या मागे अजून एखादा एपी किंवा स्विच लटकवला आहे त्याला. आणि तेव्हाही वाहतूक जागेवरचीच भारी हवी: टीव्हीसाठीचा सर्व्हर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं उपकरण), फाइल सर्व्हर. इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल तर एपीला चार केबल लावल्या तरी पाहुण्याला ३०० च मिळणार.

बहुतेक वाड्यांवर अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑफिसातल्या स्विचपासून गडग्यापलीकडच्या ब्लॉकच्या स्विचपर्यंत एकच गिगाबिट केबल गेलेली असते आणि त्या एका केबलवर सहा एपी आणि आठ कॅमेरे लटकलेले असतात. बाँड करायचा तर तिथे करा (ब्लॉक वेगळ्या इमारतीत असेल तर मात्र तांब्याऐवजी फायबर, ते शेवटी येतं). एपी-स्विच आणि स्विच-स्विच या दोन्हींचे नियम सारखेच आहेत, त्यामुळे खालचं सगळं दोन्हीकडे लागू पडतं.

मोजायचं कसं

इंटरनेटच्या स्पीड टेस्टने बाँड मोजता येत नाही. आयपर्फ३ (दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्राम) घ्या, आणि त्यातही एक फसगत टाळा: ज्या पीसीवर आयपर्फचा सर्व्हर चालवताय त्याचा स्वतःचा पोर्ट एकच गिगाबिटचा असेल तर जगातला कुठलाही बाँड ९४० च दाखवणार. एक तर त्या पीसीला २.५ गिगाबिटचं कार्ड हवं आणि स्विचवर तसा पोर्ट हवा, नाहीतर दोन वेगळे पीसी दोन वेगळ्या पोर्टांवर लावा. समोरच्या बाजूलाही दोन लॅपटॉप लागतात. स्विच-स्विच बाँड तपासताना दोन्हीकडे दोन-दोन मशीन केबलने जोडली की रेडिओ हा भाग हिशोबातून निघून जातो.

टेस्ट चालू करण्याआधी दोन्ही पोर्टांचे काउंटर शून्य करा. मग दोन्ही जोड्या एकदम ६० सेकंद चालवा आणि चार आकडे लिहून घ्या: पोर्ट एकचं पाठवलेलं आणि घेतलेलं, पोर्ट दोनचं पाठवलेलं आणि घेतलेलं. जोडीला एफसीएस किंवा सीआरसी चुकांचा (वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा) आकडा आणि पोर्टचा ठरलेला वेग. कंट्रोलरचा हिरवा ठिपका बघू नका. एका केबलवर बाँड लंगडत चालला तरी तो ठिपका हिरवाच राहतो.

आकडे असे वाचायचे. दुसरा पोर्ट १०० एमबीपीएसवर असेल किंवा बाँडच्या यादीत नसेल तर केबलकडे वळा. दोन्ही पोर्ट १०००वर, बाँडमध्ये, पण दुसऱ्याने पाठवलेलं जवळजवळ शून्य असेल तर हॅशकडे (कोणती वाहतूक कोणत्या केबलवर हे ठरवणाऱ्या हिशोबाकडे). एका बाजूने एलएसीपीच्या पॅकेटांची संख्या वाढत नसेल तर एलएसीपीच्या सेटिंगकडे. दोन्ही केबलींवरून जवळपास सारखी वाहतूक होतेय पण बेरीज वाढत नसेल तर बाँड निर्दोष आहे. अडथळा रेडिओत, राउटरच्या सीपीयूत किंवा पुढच्या स्विचमध्ये आहे.

केबल: १०० वर घसरलेला पोर्ट

किनाऱ्यावरचं हे पहिल्या नंबरचं कारण. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला फक्त १-२ आणि ३-६. पिन ४, ५, ७, ८ पैकी एकीचा जरी संपर्क गेला तरी पोर्ट मरत नाही. बऱ्याच चिप गिगाबिटचा प्रयत्न दोन-चारदा फसला की गुपचूप १०० वर उतरतात. दिवा लागलेला, पिंग जातोय, म्हणून कोणाला शंका येत नाही. एलएसीपीला मात्र वेगवेगळ्या वेगाच्या केबली एका बाँडमध्ये चालत नाहीत. १०० वाली बाजूला पडते आणि सगळी वाहतूक उरलेल्या एकीवर येते.

संपर्क जातो तो प्लगमध्ये. स्वस्त आरजे४५ वर सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, खारा दमट वारा लागला की खालच्या तांब्यावर हिरवी पूड धरते. पीओई (इथरनेट केबलमधूनच मिळणारी वीज) चालू असताना केबल खेचून काढली तर पिनेवर बारीक ठिणगी पडते आणि त्या जागचा मुलामा आधी जातो. म्हणून “केबल काढून परत घातली की चालतं” हा उपाय दर वेळी रोग थोडा वाढवतो. लक्षण ओळखीचं आहे: पहाटे आणि सरीनंतर पोर्ट १०० वर, दुपारी ऊन पडलं की परत १००० वर. स्विचच्या लॉगमध्ये लिंक खाली-वर झाल्याच्या वेळा अशा ओळीने दिसल्या तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

प्लग काढून भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून आठही पत्र्या बघा. काळपट किंवा हिरवट पत्री दिसली की प्लग कापून टाका. पॉलिश पेपरने घासू नका, उरलेलं सोनंही जातं. एपीच्या सॉकेटमधल्या पिना हिरवट असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून बघा. तरी सुधारणा नसेल तर तो पोर्ट बाद समजा.

पुढची शंका केबलवरच. बाजारात कॅट६ म्हणून विकली जाणारी पुष्कळ केबल आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा लेप. तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते. पक्की खात्री मल्टिमीटरने होते. केबलच्या लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा, जवळच्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये रोध मोजा. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या ५० मीटर केबलला साडेआठ ओहमच्या आसपास यायला हवा. १३ किंवा वर आला तर अ‍ॅल्युमिनियम आहे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा पाव-अर्धा ओहम वजा करायला विसरू नका. चारही जोड्या मोजा. एखादीच जोडी वेगळी निघाली तर मध्ये कुठेतरी जोड आहे किंवा उंदराने दात मारला आहे. अ‍ॅल्युमिनियमची केबल पीओईचा दाब खाते, आणि खाऱ्या हवेत तिचं उघडं टोक तांब्याच्या कितीतरी आधी कुजतं. ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

नवीन टोक करताना:

- क्रम ५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग “सरळ ओळीने” लावले तर साधा टेस्टर आठही दिवे लावतो, पण ३-६ ची जोडी फुटते आणि गिगाबिट टिकत नाही.
- पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका.
- एकसंध तारेला एकसंध तारेचाच प्लग, ५० मायक्रोइंच सोन्याचा मागून घ्या.
- शक्य तिथे केबलच्या टोकाला प्लग मारूच नका. डब्यात कीस्टोन जॅक पंच करा आणि तिथून एपीपर्यंत कारखान्यात बनलेली छोटी पॅच कॉर्ड द्या. कुजली तर अर्ध्या मीटरची कॉर्ड बदलायची, पन्नास मीटरची केबल नाही.
- बाहेरची केबल काळ्या पॉलिथिन आवरणाची, जेल भरलेली. डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. भोक डब्याच्या बुडाला, ग्लँड घट्ट, पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात.

ग्लँडशिवाय सोडलेल्या भोकातून पाणी यायच्या आधी मुंग्या आणि पाली येतात. डबा उघडल्यावर पालीची अंडी आणि त्याखाली गंजलेला जॅक हे दृश्य दुर्मीळ नाही. सिलिकॉनचा एक ठिपका तिथे फायरवॉलपेक्षा जास्त कामाचा.

पोर्टचा वेग हाताने १००० वर बांधून हा प्रश्न सुटत नाही. तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन लागतंच. उलट एक युक्ती वापरता येते: स्विचमध्ये सोय असेल तर बाँडच्या दुसऱ्या पोर्टवर १० आणि १०० जाहीर करणं बंद करा, फक्त १००० राहू द्या. मग टोक खराब झालं की पोर्ट १०० वर लपून बसत नाही, सरळ पडतो आणि अलर्ट येतो. ज्या केबलवरून एपीचा कारभार चालतो ती पहिली केबल मात्र अशी कडक करू नका, नाहीतर खराब टोकासकट एपीही हातातून जाईल.

हॅश: दुसरी केबल धडधाकट, पण रिकामी

बाँड म्हणजे जाड नळ नव्हे. एका संभाषणाची पॅकेटं दोन केबलींवर वाटली तर ती मागेपुढे पोचतात आणि टीसीपी त्याला हरवलेलं पॅकेट समजून वेग कमी करतं. म्हणून एक संभाषण कायम एकाच केबलवर राहतं. एक लॅपटॉप, एक डाउनलोड, म्हणजे ९४० हीच कमाल, हे बिघाड म्हणून धरू नका. फायदा होतो तो अनेक जण एकाच वेळी ओढत असताना.

कोणतं संभाषण कोणत्या केबलवर जाणार हे पाठवणारी बाजू हॅश काढून ठरवते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या: डाउनलोडची वाटणी स्विच ठरवतो, अपलोडची एपी. पाहुणे नव्वद टक्के वेळ डाउनलोडच करतात, तेव्हा एपीवरची हॅशची सेटिंग बदलून काही हाती लागत नाही. स्विचवरची बदला.

लिनक्सवर आधारलेल्या उपकरणांत मूळ पद्धत लेयर २ ची, म्हणजे मॅक पत्त्यांवर (प्रत्येक उपकरणाच्या कायम हार्डवेअर पत्त्यांवर) चालणारी असते. पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याचा शेवटचा बाइट, घेणाऱ्याचा शेवटचा बाइट आणि पॅकेटचा प्रकार यांचा एक्सऑर (बिट-बिट ताडून केलेली गोळाबेरीज), आणि त्याला केबलींच्या संख्येने भागून उरलेली बाकी. केबली दोन असल्या की सगळा निकाल फक्त शेवटच्या बिटवर, म्हणजे सम की विषम यावर लागतो. राउटरचा मॅक ५सी ने संपतो आणि खोल्यांतल्या टीव्हींचे १०, १२, १४, १६ ने संपतात असं समजा. एकाच खोक्यातून आलेल्या, वाय-फाय आणि इथरनेट असे दोन-दोन पत्ते असणाऱ्या टीव्हींचे पत्ते असे दोन-दोनने वाढलेले सापडतात. सगळे सम, राउटरही सम, वाहतूक सगळी आयपीव्ही४ ची. चारही टीव्ही एकाच केबलवर बसले, दुसरी मोकळी. नशीब म्हणून सोडून दिलं जातं ते बऱ्याचदा असं साधं अंकगणित असतं. स्विचचा हॅश लेयर २+३ किंवा ३+४ वर नेला की आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकही हिशोबात येतात आणि वाटणी सुधारते.

पत्ते चांगले विखुरलेले असले तरी थोडक्या लोकांत वाटणी असमान पडणारच. दोनच जण भरपूर ओढत असतील तर दोघे एकाच केबलवर येण्याची शक्यता निम्मी. चार जण असतील तर चौघेही एकावरच येण्याची शक्यता आठात एक. दिवाळीत किंवा ३१ डिसेंबरला साठ फोन लागल्यावर हाच बाँड छान वाटून घेतो. ऑगस्टच्या रिकाम्या रिसॉर्टमध्ये दोन लॅपटॉप घेऊन केलेली टेस्ट त्याच्यावर अन्याय करते. टेस्टसाठी आयपर्फचे आठ समांतर प्रवाह सोडा, पण हे लक्षात ठेवून की प्रवाहांचे पोर्ट क्रमांक वेगळे असले तरी हॅश ३+४ चा नसेल तर ते सगळे एकाच केबलवर जाणार.

दोन मांडण्यांत हॅश पूर्ण आंधळा होतो. पहिली, एपी राउटर मोडमध्ये, म्हणजे नॅट (सगळ्यांचे पत्ते बदलून एकाच पत्त्यामागे लपवणं) करत असताना. स्विचला सगळे पाहुणे एपीच्या एकाच मॅकमागे आणि एकाच आयपीमागे दिसतात. लेयर २ चा हॅश तिथे निरुपयोगी, ३+४ लागतो. एपी ब्रिज मोडमध्ये टाकणं हा त्याहून सरळ उपाय, तसंही नॅटवर नॅट कोणाला हवंय. दुसरी, कंट्रोलरपर्यंत टनेल. सगळी वाहतूक एपी ते कंट्रोलर अशा एका बोगद्यातून जाते आणि बाहेरून ते एकच संभाषण दिसतं. इथे पाहुण्यांचा एसएसआयडी (वाय-फायचं नाव) टनेलमधून काढून स्थानिक ब्रिजिंगवर टाकणं हाच इलाज.

राउंड-रॉबिन मोडचा मोह टाळा. तो पॅकेटं आलटून पालटून दोन्ही केबलींवर टाकतो, आकडा वाढल्यासारखा दिसतो, आणि पुनःप्रेषण वाढून व्हिडिओ कॉल तुटायला लागतात.

एलएसीपीची जुळणी

दोन बाजूंपैकी निदान एक अ‍ॅक्टिव्ह (स्वतःहून एलएसीपीची पॅकेटं पाठवणारी) हवी. दोन्ही पॅसिव्ह असतील तर दोघेही समोरच्याची वाट बघत बसतात. दोन्ही अ‍ॅक्टिव्ह ठेवणं उत्तम. टायमर संथ असेल तर दर ३० सेकंदांनी पॅकेट जातं आणि केबल मेली हे कळायला ९० सेकंद लागतात. वेगवान असेल तर दर सेकंदाला जातं आणि ३ सेकंदांत निकाल. एपीकडे पर्याय असेल तर वेगवान घ्या.

निम्म्या पाहुण्यांचं वाय-फाय अडखळतं, त्यामागे बहुधा एक बाजू स्टॅटिक (एलएसीपीशिवाय, हाताने बांधलेली) आणि दुसरी एलएसीपी अशी मांडणी असते. स्टॅटिक बाजू न विचारता दोन्ही केबलींवर वाटते, एलएसीपीची बाजू त्यातली एक किंवा दोन्ही बाँडबाहेर ठेवते. स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारताना दिसला की हेच तपासा. दोन्ही पोर्टांची व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्कं) सेटिंगही तंतोतंत सारखी हवी, आणि दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये. दोन वेगवेगळ्या स्विचमध्ये टाकायच्या तर ते स्टॅक केलेले किंवा एमलॅगवाले, म्हणजे दोघे मिळून एकच स्विच असल्यासारखे वागणारे लागतात. अनमॅनेज्ड स्विचमध्ये दोन केबली घातल्या तर बाँड होत नाही, लूप होतो, आणि सगळं नेटवर्क बसतं.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण नवा एपी बाँड करून जन्माला येत नाही:

१. एपी एका केबलवर चालू करा, डीएचसीपीने पत्ता मिळू द्या, कंट्रोलरमध्ये घ्या, फर्मवेअर अपडेट करा.
२. एपीवर बाँड चालू करा.
३. स्विचवर दोन्ही पोर्टांचा एलएसीपी गट करा. या क्षणी एपी थोडा वेळ गायब होईल.
४. एका केबलवर बाँड लागला, पिंग परत आला, मगच दुसरी केबल घाला.

उलट केलं, म्हणजे स्विचवर आधीच गट आणि एपी कोरा, तर काही स्विच एलएसीपी ऐकू येईपर्यंत पोर्टवरून डेटा सोडतच नाहीत. एपीला पत्ता मिळत नाही, म्हणून सेटिंग मिळत नाही, म्हणून एलएसीपी सुरू होत नाही. पुढे कधी एपी फॅक्टरी रीसेट झाला तरी हाच पेच पडतो. स्विचमध्ये एलएसीपी फॉलबॅकची (एलएसीपी ऐकू आलं नाही तर पोर्ट साधा चालवण्याची) सोय असेल तर ती चालू ठेवा. मात्र रीसेट झालेला एपी दोन्ही पोर्ट आतून ब्रिज करत असेल तर फॉलबॅकबरोबर लूप येऊ शकतो, म्हणून आरएसटीपी (लूप पकडून तोडणारी सोय) बंद करू नका.

पीओई आणि वीज

पीओईचे दर्जे दोन: ८०२.३एएफमध्ये उपकरणापर्यंत १२.९५ वॉट पोचतात, ८०२.३एटीमध्ये २५.५. दोन पोर्टांचे, ४×४ चे एपी बहुधा एटी मागतात. एएफ मिळाली तर बंद पडत नाहीत, काटकसर करतात, आणि काटकसरीत काही एपी दुसरा इथरनेट पोर्टच बंद ठेवतात. दुसरा दिवा लागतच नाही आणि केबल टेस्टर ओके म्हणतो, तेव्हा एपीच्या स्टेटस पानावर वीज कोणत्या दर्जाची मिळतेय ते बघा. स्विचचं एकूण पीओई बजेटही जोडून पाहा: ६५ वॉटच्या आठ पोर्टी स्विचवर २५ वॉट ओढणारे तीन एपी बसत नाहीत.

पुष्कळ एपी वीज फक्त पहिल्या पोर्टवरून घेतात. ती केबल तुटली की बाँडचा आधार असूनही एपी बंदच होतो. दोन्ही पोर्टांवरून वीज घेणारा एपी असेल तरच दोन्हीकडे पीओई द्या. नसेल तर दुसऱ्या पोर्टवरची बंद करा.

पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज गेली-आली की एपी आणि स्विच एकदम उठतात, आणि काही जोड्यांमध्ये एकच केबल बाँडमध्ये परतते, दुसरी बाहेर राहते. स्विचला छोटा यूपीएस दिला की एपीही त्यावरच जगतो आणि हा प्रकार संपतो. तेवढं शक्य नसेल तर पीओई पोर्ट उशिरा चालू करण्याची सेटिंग शोधा. स्विच पूर्ण उठल्यावर मिनिटभराने एपीला वीज मिळू द्या.

खाडीपलीकडे दोन रेडिओ

दोन वायरलेस ब्रिजवरून बाँड करण्याची कल्पना इथे वारंवार पुढे येते: एक जोडी ६० गिगाहर्ट्झची, एक ५ ची, खाडीच्या दोन तीरांवर. करू नका. एलएसीपीची पॅकेटं ०१:८०:सी२:००:००:०२ या पत्त्यावर जातात आणि नियमानुसार ब्रिजने ती पुढे पाठवायची नसतात, त्यामुळे काही रेडिओ ती गिळून टाकतात. ती पोचली तरी एलएसीपीला दोन्ही बाजू “१ गिगाबिट” एवढंच दिसतं. ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डेसिबलच्या आसपास खातो, ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात अजून १७ च्या आसपास जातात. जुलैच्या एका सरीत त्या रेडिओचा वेग कोसळतो आणि हॅश मात्र निम्मे लोक इमानाने त्याच्यावरच टाकत राहतो. तिथे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक जोडी चालू, दुसरी राखीव) ठेवा, तोही पलीकडच्या राउटरला पिंग करून तपासणारा. फक्त लिंकचा दिवा बघणारा बॅकअप इथे फसतो, कारण रेडिओ पलीकडून तुटला तरी अलीकडची केबल जिवंतच असते.

बाँड सोडून काय

एपी आणि स्विच दोन्हीकडे २.५ गिगाबिटचे पोर्ट असतील तर बाँड मोडा. २०१६ च्या ८०२.३बीझेड मानकानुसार २.५ गिगाबिट चांगल्या कॅट५ई वर १०० मीटर जातं. एक केबल, हॅश नाही, एकाच लॅपटॉपलाही पूर्ण वेग, आणि कुजायला टोकं निम्मी. जुना बाँड ओढूनताणून चालवण्यापेक्षा पुढची खरेदी २.५ ची करणं शहाणपणाचं. फक्त टोकं त्याआधी नीट करा: गिगाबिटवर कसाबसा टिकणारा प्लग २.५ वर नक्की नखरे करतो.

एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल नेऊच नका, बाँडसाठी दोन तर मुळीच नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या गडगडाटात दोन ब्लॉकच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो करंट स्विचच्या पोर्टांतून वाट काढतो. दोन केबल म्हणजे त्याला दोन वाटा. बिनधातूची सिंगल-मोड फायबर टाका, दोन्ही टोकांना एसएफपी (स्विचमध्ये घालायचं फायबरचं मॉड्यूल). पुढे स्विच बदलून त्याच फायबरवर १० गिगाबिट चालवता येतं. खंदक एकदाच खणायचा आहे, तेव्हा चार कोअरची टाका आणि दोन मोकळ्या ठेवा.

तांब्याचा बाँड ठेवायचाच असेल तर तपासणी मेच्या शेवटी, पाऊस टेकायच्या आधी करा. लॅपटॉपवरून एपीमागच्या पत्त्यावर सलग पिंग लावा, बिनपीओईची केबल काढा, दोन-तीन पिंग हरवून परत चालू व्हायला हवेत. केबल घाला, दहा मिनिटं थांबा, मग एपीला वीज दुसरीकडूनही मिळत असेल तरच पहिल्या पोर्टची केबल काढून बघा. दोन्ही पोर्टांचे एफसीएस काउंटर शून्य करून ठेवा आणि पहिल्या दमदार सरीनंतरच्या सकाळी पुन्हा वाचा. शून्यावरून आकडा हललेला असेल तर त्या केबलचं एपीकडचं टोक आधी उघडा, स्विचकडचं नंतर.